बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलंय, मग बाबांची साखर कशी वाढली?

मृण्मयी_स

गेल्या महिन्यात बाबांचा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.२ आला. डिसेंबरात ६.८ होता. बाबा ७३ वर्षांचे, आमच्याकडेच सहकारनगरला असतात. रोज पहाटे तळजाईवर जातात, भात एक वाटी मोजून, चहा बिनसाखरेचा, आंब्याच्या दिवसांत दोन फोडींवर हात आवरता घेतात. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, गोड काय खाताय?" बाबा म्हणाले, "काही नाही." आणि ते खोटं बोलत नव्हते. खात नव्हतेच.

उलगडा केला तो कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी. सुका कचरा पोत्यात ओतता ओतता म्हणाल्या, "तुमच्याकडनं हल्ली बाटल्या लय निघतात हो ताई. सगळ्या एकसारख्याच." हिरवं झाकण, पुढे पानाचं चित्र. मी कधी पाहिल्याच नव्हत्या, कारण बाबा बाटली विसळून, चेपून स्वतः पिशवीत टाकतात. शिस्त!

टेकडीवरच्या ग्रुपमधल्या एका काकांनी नाद लावलेला. सफरचंद-आवळ्याचं पेय. टेकडीवरून आलं की एक पेला, चारच्या चहाऐवजी दुसरा. मी विचारल्यावर म्हणाले, "अगं, नैसर्गिक आहे ते. साखर घातलेली नाही, हे बघ लिहिलंय." लिहिलं होतं खरंच. पुढे मोठ्या अक्षरात.

मागची अक्षरं वाचायला मोबाइलवर फोटो काढून मोठा करावा लागला. १०० मिलीमध्ये एकूण साखर १०.८ ग्रॅम. ॲडेड शुगर, म्हणजे वरून घातलेली साखर, शून्य. 'एक सर्व्हिंग' म्हणजे २०० मिली. बाबांचा स्टीलचा पेला मापाच्या भांड्याने मोजला, २५० मिलीचा निघाला. दोन पेले म्हणजे ५०० मिली, म्हणजे ५४ ग्रॅम.

मग साखरेचा डबा आणि छोटा चमचा घेऊन बाबांसमोर ताटलीत मोजत गेले. चार ग्रॅमचा एक सपाट चमचा, असे साडेतेरा. बाबा बराच वेळ त्या ढिगाकडे बघत बसले. मग म्हणाले, "एवढ्यात तुझ्या आईचा शिरा झाला असता."

आता प्रश्न. एक, साखर घातलीच नाही तर ५४ ग्रॅम आली कुठून? दोन, त्यांना द्यावं काय? घरची सरबतं चालतील का? बाबांना ताक आवडत नाही (हो, असे पुणेकर असतात).

पेठेतला_पण_शांत

बाटली घेताना मागची बाजू वाचायची नाही आणि नंतर धागे काढायचे. चालू द्या.

मृण्मयी_स

@पेठेतला, नाव बदला आधी. मागची बाजू वाचायला घड्याळजीची भिंग लागते, ती तुमच्याकडे असेल तर पाठवा.

ब्रिक्स_मीटर

रसाच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सफरचंदाचा रस काढला की तो निवळतात, म्हणजे गर आणि चोथा जातो. मग निर्वात भांड्यात आटवतात. साधारण ७० ब्रिक्सला आणतात, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये सत्तर ग्रॅम विरघळलेला ऐवज, आणि तो बहुतेक साखरच. दिसायला काकवीसारखा दाट. ड्रममधून येतो. आमच्याकडे त्यात पाणी घालून परत ११-१२ ब्रिक्सवर आणायचं, आटवताना उडालेला वास परत द्यायचा, गरम करून भरायचं. साखरेचं पोतं आम्ही फोडलेलं नसतं, त्यामुळे 'साखर घातलेली नाही' हे खरं. फळातली साखर मात्र सगळी आत, आणि तिच्यासोबत फळात जे असतं ते तंतू, ते चावणं, ते पोट भरणं, हे सगळं कारखान्याच्या मागच्या दारातून गुरांच्या खाद्याला गेलेलं.

दुसरी गंमत 'नैसर्गिक' या शब्दाची. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राची अन्नसुरक्षा संस्था, तिचे जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे नियम आहेत. 'नॅचरल' हा शब्द खरं तर एकाच पदार्थाच्या मालाला, ज्यात काही मिसळलेलं नाही, अशालाच लावता येतो. चार गोष्टी एकत्र केलेल्या पेयाला फार तर 'नैसर्गिक घटकांपासून बनवलेलं' म्हणता येतं, तेही सगळे घटक तसे असतील तर. मग पळवाट काय? ब्रँडच्या नावातच तो शब्द घालायचा. तसं केलं की 'हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप दाखवत नाही' अशा अर्थाची ओळ किमान ३ मिलिमीटर उंचीत छापावी लागते. शोधा घरातल्या बाटल्यांवर, सापडेल.

जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने असं पाणी घालून परत केलेल्या रसांवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावाही काढायला लावला.

आणि 'फ्रूट ड्रिंक' लिहिलेलं असेल तर फळ किमान १० टक्के असलं की पुरे. लिंबाचं असेल तर ५ टक्के. उरलेलं काय ते घटकांच्या यादीत उतरत्या क्रमाने असतं. पहिलं पाणी, दुसरी साखर, आंबा तिसरा. आंब्याचा फोटो मात्र पहिला.

रसवंतीप्रेमी

म्हणूनच मी बाटलीला हात लावत नाही. डोळ्यांसमोर घुंगरं वाजवत काढलेला उसाचा रस, आलं-लिंबू घालून. माझे आजोबा जुन्नरला रोज दोन ग्लास प्यायचे, ९१ वर्षं जगले. मधुमेह कशाशी खातात माहीत नव्हतं.

स्टेथोस्कोप

@रसवंतीप्रेमी, आजोबा दिवसभर बैलामागून चालत होते की दुचाकीवरून हिंजवडीला जात होते?

रसवंतीच्या एका मोठ्या ग्लासात २५ ते ३५ ग्रॅम साखर सहज असते. ताजा आहे, चविष्ट आहे, मीही पितो, पण यकृताला ताजेपणा कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची साखरेची मार्गदर्शक तत्त्वं बघा. त्यांचा शब्द आहे 'मुक्त साखर'. त्यात आपण वरून घातलेली साखर तर आलीच, पण मध, काकवी, पाक, फळांचा रस आणि आटवलेला रस हेही आलं. अख्खं फळ आणि दूध त्यात नाही. मर्यादा दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली. २००० उष्मांक धरले तर ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. धागाकर्तीचे बाबा दोन पेल्यांतच मोठी मर्यादा ओलांडत होते, आणि तेही मधुमेह असताना. पण लेबलवर टक्केवारी 'ॲडेड शुगर'ची छापतात, त्यामुळे तिथे दिसणार शून्य.

रस आणि फळ यांतला फरक पुस्तकी नाही. २०१३ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या तीन मोठ्या गटांचा अनेक वर्षांचा अभ्यास आला. द्राक्षं, सफरचंद, ब्लूबेरी अख्खी खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण कमी, रस जास्त पिणाऱ्यांत थोडं जास्त. अशा निरीक्षणांतून कार्यकारण सिद्ध होत नाही हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे. दोन मोठी सफरचंदं सलग खाऊन बघा, दुसऱ्याला कंटाळा येतो. त्यांचा रस चार घोटांत संपतो. सफरचंदात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज बरंच जास्त, आणि फ्रुक्टोजचा निपटारा मुख्यतः यकृतात होतो. रोजचा पुरवठा जास्त झाला की तिथे चरबी साठायला लागते.

'मी बारीक आहे, मला काय होतंय' म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचीच गोष्ट. आपल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) तंतोतंत २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. आपण दिसतो तसे नसतो, एवढं त्या एका फोटोवरून कळतं. ओपीडीत मी तो पेशंटना दाखवतो, गोळ्यांपेक्षा जास्त परिणाम होतो.

एक अपवाद लिहून ठेवा. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली गेली, घाम-थरथर सुरू झाली, तर १५० मिली गोड रस हे औषध आहे. पंधरा मिनिटांनी परत तपासा. तेव्हा बाबांची एक छोटी बाटली घरात असू द्या. फक्त पेल्याशेजारी नको.

सई_औंध

साखरेवरच गाडी अडकली आहे म्हणून लिहिते. माझ्या आईला किडनीचा आजार आहे, क्रिॲटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) वाढलेलं. मागच्या मे महिन्यात मावशी राहायला आली आणि तिने आईला रोज दोन शहाळी द्यायला सुरुवात केली. "शहाळं म्हणजे अमृत, किडनी धुऊन काढतं." दहा दिवसांनी आईचे पाय गळाले, चालताना भिंत धरायला लागली. रक्तातलं पोटॅशियम ६.४, म्हणजे धोक्याइतकं वाढलेलं. ईसीजीत बदल. दोन रात्री आयसीयू.

शहाळ्यात साखर कमीच असते, भेसळ नसते, रंग नसतो. पण पोटॅशियम भरपूर, आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर ते थेट हृदयावर येतं. याहून नैसर्गिक पेय दुसरं कुठलं? मावशी अजून म्हणते, त्याचा काही संबंध नाही.

टेकडीवाला

सई, बाप रे. काळजी घ्या.

तळजाई काय, वेताळ टेकडी काय, पायथ्याशी सकाळी रसवाले असतातच. गव्हांकुर, कारलं, दुधी. मीही दोन वर्षं दुधीचा रस घेत होतो. एकदा घरचा दुधी कापला तर कडूजहर. बायको म्हणाली टाक, मी म्हटलं कडू आहे म्हणजे गुणकारी. नशीब तिने ऐकलं नाही.

नंतर वाचलं. दुधी, काकडी, कारलं एकाच कुळातले, आणि दुधी कडू झाला की त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला, मग आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) समिती नेमली. उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं, आणि उतारा म्हणून औषध नाही. त्यामुळे रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चावून बघायचा, कडू लागला की सरळ कचऱ्यात. टेकडीखालचा रसवाला कुठे चाखतो? आणि त्यात कारलं मिसळलं की कडू कोण आहे ते ओळखायचं कसं? मी हा प्रश्न त्याला विचारला. म्हणाला, "साहेब, एवढे लोक पितात."

दंतकथा

दाताची डॉक्टर, नावावरून कळलंच असेल.

माझ्याकडे 'आम्ही कोला पीतच नाही' म्हणणारे येतात आणि पुढच्या दातांची कड काचेसारखी पारदर्शक झालेली असते. इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं (पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त). कोला अडीचच्या आसपास. लिंबाचा रसही तिथेच. आवळा, संत्रं, सफरचंद थोडे वर, पण ५.५ च्या खूप खाली. आम्ल लिंबातून आलं की कारखान्यातून, दाताला फरक नाही. रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेणाऱ्यांचा तर माझ्याकडे वेगळा कप्पा आहे.

घोट घोट करत तासभर पिणं सगळ्यांत वाईट. प्यायचंच तर जेवणासोबत, एकदाच, वरून चूळ. आणि लगेच ब्रश करू नका, अर्धा तास तरी थांबा, मऊ पडलेलं इनॅमल घासून निघतं.

खमीर

कोंबुचाबद्दल कोणी बोललं नाही. मी घरी बनवतो, कोरेगाव पार्कात २५० रुपयांना मिळते ती चहाची आंबवलेली. साखर जीवाणू आणि यीस्ट खातात, त्यामुळे ती चालावी ना? आणि स्टेव्हियावाल्या 'नैसर्गिक शून्य साखर' सोड्याचं काय?

स्टेथोस्कोप

@खमीर, सगळी खात नाहीत. किती दिवस आंबवली यावर आहे, आणि विकतच्यात चवीसाठी नंतर रस घातलेला असू शकतो. लेबल बघा. थोडं अल्कोहोल तयार होतंच, गरोदर बाईने टाळावी. आंबटपणाचं दंतकथा यांनी सांगितलंच.

स्टेव्हियाला आपल्याकडे २०१५ पासून परवानगी आहे, ठरलेल्या प्रमाणात सुरक्षित समजतात. पण मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन उतरवण्यासाठी साखरेऐवजी असे गोडवे वापरू नका, लांब पल्ल्यात फायदा दिसत नाही. त्या यादीत स्टेव्हियाही आहे, पानापासून येतं म्हणून सूट नाही. आधीच मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही, हेही त्यातच लिहिलंय. माझ्या पेशंटला मी म्हणतो, कधीतरी चालेल, रोजची तहान त्यावर भागवू नका.

चिमणीची_आई

लेकाला जुलाब झाले तेव्हा दुकानदाराने ओआरएसच्या नावाखाली सफरचंदाच्या चवीचा डबा दिला होता, मी पाजला. जुलाब वाढले. हे त्यातलंच का?

स्टेथोस्कोप

त्यातलंच. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि मीठ-पोटॅशियमसोबत त्याचं प्रमाण जमवलेलं असतं. सफरचंदाच्या रसात लिटरला १०० ग्रॅम साखर. एवढी साखर आतड्यात पाणी ओढून घेते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. पुडी घ्यायची, मागे सूत्र छापलेलं बघायचं, लिटरभर पाण्यात अख्खी एकदम विरघळवायची.

जुनी_बखर

२००३ चा ऑगस्ट आठवतोय का कोणाला? दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने कोलांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं, संसदेची संयुक्त समिती बसली, अध्यक्ष आपले शरद पवार. फेब्रुवारी २००४ मध्ये अहवाल आला. तेव्हा आमच्या कॉलनीत सगळ्यांनी कोला सोडून पॅकबंद रस सुरू केला. जणू फळबागेत फवारणी होतच नाही.

जमाखर्च

अवांतर: २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या रसाच्या पेयाला जीएसटी ५ टक्के, त्याच रसात बुडबुडे सोडले तर ४० टक्के. साखर दोन्हीत तेवढीच असली तरी. पाप बुडबुड्यात आहे म्हणायचं.

पेठेतला_पण_शांत

पहिल्यांदा या धाग्यावर काही कामाचं वाचलं.

आगळावेगळा

मृण्मयीताई, दुसरा प्रश्न कोणी घेतलाच नाही. मी मूळचा सावंतवाडीचा, आता वारज्यात.

पुण्यात लोक 'कोकम' म्हणून जे आणतात ते बहुधा अमृत कोकम. ताज्या रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीत थरावर थर साखर भरून बरणी उन्हात ठेवतात, तो पाक. घरचं असो नाहीतर दुकानातलं, ३० मिली ओतलंत की जवळपास २५ ग्रॅम साखर गेली पेल्यात. ब्रिक्स_मीटर सांगतील.

ब्रिक्स_मीटर

बरोबर. सिरपमध्ये विद्राव्य ऐवज ६५ टक्क्यांच्या आसपास असतो. हिशोब जमतो.

आगळावेगळा

तर बाबांना द्यायचं ते आगळ. कोकमाचा रस, साखर नाही. एक चमचा आगळ, पेलाभर गार पाणी, जिरेपूड, चिमूटभर हिंग जमला तर. बाहेर उन्हातून आल्यावर यासारखं काही नाही. नारळाचं दूध घातलं की सोलकढी. कैरीचं पन्हं करायचं तर उकडलेल्या कैरीच्या गरात गूळ न घालता वेलचीऐवजी पुदिना-जिरं घाला, आंबटच प्यायची सवय होते. गूळ घालून 'नैसर्गिक' म्हणू नका बरं का, गूळही बहुतांश साखरच.

मृण्मयी_स

सगळ्यांचे आभार. जरा उशिरा लिहितेय.

टेकडीच्या ग्रुपवर बाबांनी साडेतेरा चमच्यांच्या ताटलीचा फोटो टाकला. ज्या काकांनी नाद लावला ते दोन दिवस बोलत नव्हते, तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला, खाली फक्त नमस्काराचा हात.

आता बाबा खिशात भिंग घेऊन दुकानात जातात. काल दुकानदार म्हणाला, "आजोबा, घ्यायचंय का वाचायचंय?" बाबा म्हणाले, "वाचून झालं की सांगतो."

आगळ आणलं. शनिवारी केलं, बाबांना आवडलं.

आगळावेगळा

आवडणारच! पण एक सांगायचं राहिलं. बाबांना बीपी आहे का? आगळ मिठातच काढतात.

मृण्मयी_स

आहे. बाटली आणली त्याच दिवशी बाबांनीच सोडियमची ओळ दाखवली. अर्धा चमचा, आणि वरून मीठ नाही, असं ठरलंय. भिंग आता फ्रिजवर चुंबकाला लटकवलंय.